शेजार पाहायला निघालेले मारोतराव

घर भाड्यानं घ्यायला गेलेला माणूस आधी नळ सोडून पाहतो, भिंतीला ओल आहे का ते पाहतो आणि मग भाडं विचारतो. मारोतराव यातलं काहीच करत नसत. घरमालक आतून "हे पाहा किचन, हे पाहा बाथरूम" म्हणून ओरडत असायचा आणि हे गृहस्थ घराकडे पाठ करून समोरच्या दारांकडे टक लावून उभे. त्या हिवाळ्यात नागपूरच्या काही घरमालकांनी त्यांना वेड्यात काढलं असेल, तर त्यात घरमालकांचा दोष नाही.

मारोतराव रामटेकजवळच्या एका खेड्यातले. सारा जन्म धानाच्या बांध्यांमध्ये गेलेला. नागपूर त्यांना ठाऊक होतं ते कळमन्याच्या बाजारापुरतं. मिरची घेऊन यायचं, काटा झाला की चहा प्यायचा आणि दिवस बुडायच्या आत गाव गाठायचं. या शहरात आपल्याला बिऱ्हाड करावं लागेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

गावात त्यांची ओळख मातीला जाणारा माणूस म्हणून. कोणाच्याही घरी मयत झाली की मारोतराव हातातलं काम टाकून हजर. त्या घराशी बोलचाल बंद असली तरी तिरडी बांधायला तेच. "लग्नाले बोलावलं नाही तर जाऊ नये. पन मातीले बोलावनं कोन पाठवते?" असं ते म्हणत. शोभाताई कधी कधी वैतागत, कारण नेमकं ताट वाढलं की कोणाचं तरी बोलावणं यायचं.

मग किडन्यांनी दगा दिला. एक दिवसाआड नागपूरला यायचं, डायलिसिसच्या मशीनवर पडून राहायचं आणि बसच्या धक्क्यांनी अर्धमेलं होऊन घरी परतायचं. शेवटी हैदराबादला नोकरीवर असलेल्या मुलानं, अमोलनं, फर्मान काढलं की आता शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला द्या आणि नागपुरातच खोली घ्या. फर्मान काढायला हैदराबाद चांगलं गाव आहे. पण बोलणं खोटं नव्हतं.

एके दिवशी शोभाताई औषधं आणायला खाली गेल्या असताना डॉक्टरांनी मारोतरावांना सरळ सांगून टाकलं. हृदयही थकलं आहे. मशीन किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही. घरच्यांना कल्पना देऊन ठेवा. मारोतरावांनी मान हलवली आणि घरच्यांना कल्पना दिली नाही.

मरणाची त्यांना फारशी भीती वाटली नाही. इतक्या जणांना पोचवून आलेला माणूस, आपलीही पाळी येणार हे त्याला ठाऊक होतं. घशात अडकली ती एकच गोष्ट. शोभाचं काय? हैदराबादच्या फ्लॅटमध्ये ती आठवडाभर राहून आली होती. मुलगा-सून सकाळी दार ओढून जात आणि ही दिवसभर भिंतींशी बोलत बसे. "तिकडे मी राहनार नाही," हे तिनं तेव्हाच सांगून टाकलेलं. गावात परत जावं तर त्यांच्या आळीत आता माणसांपेक्षा कुलपं जास्त. जावा वारल्या, पोरं शहरात गेली. म्हणजे आपण गेल्यावर शोभा जिथं असेल, ती जागा आत्ताच शोधायला हवी होती. घर कसंही चालेल. शेजार चांगला हवा.

अमोलनं फोनवर पाहून एक जागा काढली. शहराबाहेर, भाडं परवडणारं, बाग, लिफ्ट, गेटवर पहारा. "फॅमिलीसाठी एकदम बेस्ट आहे बाबा," असं तो म्हणाला. दोघं जाऊन आले. भर दुपारी सगळ्या मजल्यांवर दारं बंद. बागेतला झोपाळा नुसता वाऱ्यानं हलत होता.

"इथं मानसं कुठं राहतात गा?" मारोतरावांनी चौकीदाराला विचारलं.

"सब ड्यूटीवर काका," तो म्हणाला.

मारोतराव तिथून निघाले ते मागं न पाहता. फोनवर अमोल चिडला. "बाबा, तुमाले पायजे तरी काय?" आता हे मुलाला कोणत्या तोंडानं सांगायचं? "पाहू," एवढंच ते म्हणाले.

शोभाताईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात घर पसंत केलं होतं. दवाखान्याच्या रस्त्यावरच एका इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर दोन खोल्या. रस्ता ओलांडला की दवाखाना. आजूबाजूला औषधांची दुकानं, तपासणीच्या लॅब आणि पेशंटचे नातेवाईक. आज आहेत, उद्या नाहीत. मारोतरावांनी कधी पाणी खारं असल्याचं सांगून, कधी उजेड कमी असल्याचं सांगून ते घर लांबणीवर टाकलं. शोभाताईंनी पाणी पिऊन पाहिलं होतं. ते खारं नव्हतं.

अशातच सक्करदऱ्याकडच्या एका गल्लीतलं घर पाहायला दोघं गेले. घरमालक गणपतराव कोपऱ्यावरच भेटले आणि हात जोडून म्हणाले, "माफ करा भाऊ, आज घर दाखवता येत नाही. पलीकडच्या घरी सकाळीच मयत झाली."

दुसरं कोणी असतं तर उद्या येतो म्हणून वळलं असतं. मारोतरावांचे पाय वळेनात. मयत झालेल्या घरावरून तसंच पुढं जायचं, हे त्यांच्यानं उभ्या जन्मात झालं नव्हतं. ते सरळ जाऊन सतरंजीवर पुरुषांमध्ये बसले. शोभाताईही पदर सावरून आत बायांमध्ये गेल्या. आपण इथं परके आहोत हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. गावाकडची सवय शहरात अशी उघडी पडते.

"तुमी कुठचे?" शेजारच्या माणसानं हळूच विचारलं.

"रामटेककडचे."

झालं. गेलेल्या माणसाच्या बायकोचं, प्रयागबाईचं, माहेर नेमकं तिकडचं. "माहेरची मानसं आली" अशी कुजबुज घरभर पसरली. मारोतरावांच्या हातात कोणी तरी सुतळी दिली, आणि खुलासा करायच्या आत ते बांबूंपाशी बसलेही होते. पण डाव्या हाताला मशीनच्या सुयांनी गाठी आलेल्या. त्या हातानं जोर लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. गाठ ओढायला गेले तर बोटं सैल पडली. एका तरुण मुलानं काही न बोलता सुतळी घेतली आणि गाठ आवळली. मारोतराव बाजूला सरकले. त्यांना फार वाईट वाटलं.

बाजूला बसल्या जागेवरून आतलं दिसत होतं, आणि मग त्यांची नजर तिथून हलेना. या घरची चूल पेटणार नव्हती, म्हणून शेजारच्या सिंधूताई चहाचं भलं मोठं पातेलं घेऊन आल्या. कोणी तरी घरातली लहान लेकरं आपल्याकडे घेऊन गेलं. प्रयागबाईच्या पाठीवर एका बाईचा हात सारखा फिरत होता. ती बाई उठली तर दुसरी येऊन त्याच जागी बसली. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण प्रयागबाईजवळची जागा एकदाही रिकामी राहिली नाही. मारोतरावांचे डोळे भरून आले. आपण शोधत होतो ते हेच, असं त्यांना वाटलं. गणपतरावांनी आधी सांगितलेलं भाडंही झेपण्यासारखं होतं.

मयत निघाली, बाया अंगणातून परत फिरल्या. घाटापर्यंत चालत जायचं बळ मारोतरावांत उरलं नव्हतं. मग मारोतराव आणि शोभाताई कोणाला न सांगता बाहेर पडले आणि जवळच्या तलावाच्या बाजूला चहाच्या टपरीपाशी बाकड्यावर टेकले.

"हेच घर घेऊ," मारोतराव म्हणाले.

"या गल्लीत मी पाय ठेवनार नाही," शोभाताई म्हणाल्या.

शोभाताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काहून वं? केवढी चांगली मानसं आहेत. पाहिलं नाही का तू?"

"तुमी काय पाहिलं ते तुमाले ठाऊक. मी काय ऐकलं ते आता ऐका. माहेरची समजून ती बाई माझ्या गळ्यात पडली. एकच एक सांगत होती. छातीत दुखाले लागलं, आटो मिळाला, आटो चौकात अडकला, आन् तिच्या खांद्यावर मान टाकली त्यायनं. दवाखान्याची पाटी दिसत होती म्हने समोर. पाटी दिसून राहिली होती जी, आन् मानूस गेला!"

"अवं, पन तिच्याजवळ किती बाया..."

"बाया होत्या ना! घर भरून बाया होत्या. पन ती कोनाकडे पाहून राहिली होती? दाराकडे." शोभाताईंचा आवाज चढला. टपरीवाला ग्लास विसळता विसळता थांबला. "तुमी काय करून राहिले हे मले समजत नाही, असं वाटते का तुमाले? हर गल्लीत तुमी बाया मोजत फिरता. घर माझ्यासाठी पाहून राहिले तुमी. मी का तुमाले सांगितलं होतं पाहाले?"

"शोभा, मी गेल्यावर..."

शोभाताईंनी भर रस्त्यावर नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. "ते तोंडातून काढू नका. मले बाया नाही पायजे. मले तुमी पायजे. जितके दिवस मिळन तितके. एक दिवस जास्त मिळत असन तर तो पायजे."

एकाच घरात, एकाच वेळी दोघं बसले होते. मारोतरावांनी बायकोचं उद्याचं पाहिलं आणि बायकोनं त्यांचं आजचं पाहिलं. खरं तर दोघंही बरोबर होते, आणि असं झालं की भांडण मिटवायला एकानं हरावंच लागतं. मारोतराव हरले. दवाखान्याजवळच्या खोल्या घेतो असा निरोप त्यांनी त्याच संध्याकाळी पाठवला.

ते घर कामाला आलं. होळीच्या सुमारास एका दुपारी मारोतरावांचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. शोभाताईंनी औषधाच्या दुकानातल्या माणसाला हाक मारली आणि खुर्चीत बसवूनच त्यांना रस्त्यापलीकडे नेलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. "तुहंच बरोबर होतं," मारोतरावांनी शुद्धीवर आल्यावर बायकोला मोकळ्या मनानं सांगितलं.

पण मनातली चिंता काही गेली नाही. समोरच्या खोलीत वंदना नावाची एक तरुण बाई लहान मुलीला घेऊन राहत होती. लॅबमध्ये कामाला. तिचा नवरा बाहेरगावी. सकाळी कुलूप लावून जायची, संध्याकाळी आली की आतून कडी. बाकीच्या खोल्यांत दर पंधरवड्याला नवे चेहरे. मारोतराव दाराशी खुर्ची टाकून बसत आणि त्या बंद दारांकडे पाहत. बोलणं त्यांचं कमीच झालं. जेवता जेवता घास हातात तसाच राही. शोभाताई विचारत, "कायचा विचार करून राहिले?" ते म्हणत, "कायचाच नाही." हे कोणाला खरं वाटणार?

शोभाताईंचा स्वभाव आपणहून कोणाच्या दारात जायचा नव्हता. गावात त्याची गरजच पडली नव्हती. सून म्हणून आल्या, आणि सगळी आळी ओळखीची होऊन त्यांच्याच ओट्यावर येऊन बसली. अनोळखी माणसाशी पहिला शब्द बोलायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. हे मारोतरावांना चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणून तर सगळा जीव टांगणीला होता.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. मशीनवरून आलेले मारोतराव खाटेवर पडले होते. संध्याकाळी शोभाताईंनी तोंड धुतलं, केस विंचरले, घडीचं लुगडं नेसलं. वाटीभर वांग्याची भाजी झाकून घेतली आणि बाहेर गेल्या. समोरचं दार वाजल्याचा आवाज मारोतरावांना ऐकू आला.

"कोण?" आतून वंदनाचा आवाज आला. दार साखळीपुरतंच उघडलं असावं.

"मी शोभा. समोरची."

"काही काम होतं का काकू?"

शोभा आता परत फिरणार, असं मारोतरावांना वाटलं.

"आज काही काम नाही, बाई," शोभाताई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "आमच्या ह्यायचे आता जास्त दिवस नाही राहिले. मशीनवर आहेत ते. डाक्टरनं मले पहिलेच सांगितलं होतं. ते मेल्यावर मी इथं एकटी राहीन. तवा मले तुमची गरज पडन. तोंडओळख नसली तर तवा कोनत्या तोंडानं हाक मारू? म्हनून आजच आली."

जो शब्द तिनं त्यांना तोंडातून काढू दिला नव्हता, तो ती एका परक्या पोरीच्या दारात उभी राहून बोलली होती. याचसाठी तर ते अर्धं नागपूर हिंडले होते. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण शोभानं आपलं जाणं मान्य केलं, हे ऐकवलं नाही त्यांना. त्यांनी चादरीचा बोळा तोंडात धरला.

पलीकडे साखळी निघाली. "आत या ना काकू," वंदना म्हणत होती. "तुम्ही रडू नका. या."

बऱ्याच वेळानं शोभाताई परत आल्या. हातात वाटी नव्हती. खाटेच्या कडेला बसून त्यांनी नवऱ्याच्या पायावर हात ठेवला.

"झोपले का जी?"

"नाही."

"समोरची वंदना चांगली आहे. पोरगी तर भल्ली बोलकी आहे तिची." मग थोडं थांबून म्हणाल्या, "उद्या वरच्या मजल्यावरही जाईन म्हनते."

"जा," मारोतराव म्हणाले. "मी ऐकलं सगळं."

शोभाताईंनी मान खाली घातली. मारोतरावांनी गाठी आलेला हात पुढं करून त्यांचा हात धरला, आणि कितीतरी दिवसांनी दोघं एकमेकांसमोर रडले. आता एकमेकांपासून लपवायचं काही उरलं नव्हतं.