अर्ध्या पैशांचा प्रश्न

आमच्या रस्त्यावरच्या चष्मेवाल्यांचे स्वतःचेच डोळे अधू आहेत आणि त्यावर त्यांच्याइतकं मोठ्याने कोणी हसत नाही. माणूस हौशी. दुसरं दुकान विकलं तेव्हा त्यातले काही पैसे त्यांनी सिनेमात घातले. बड्या नटांच्या नव्हे. मागे कुठली कंपनी नाही, स्वतःच्या जिवावर धडपडतात अशा पोरांच्या सिनेमात. पहिला कुठल्याच थिएटरात लागला नाही. दुसऱ्या सिनेमाने घातलेले पैसे परत आणले आणि चष्मेवाल्यांना वाटू लागलं, आपल्याला यातलं कळतं.

मग त्यांची रीतच ठरून गेली. पैसे मागायला येणाऱ्याला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवायचं आणि गोष्ट तोंडी सांगायला लावायची. सिनेमा बघणार कोण, हे विचारायचं. "सगळेच" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायचं. शेवटी ठरलेला प्रश्न, "पैसे अर्धेच मिळाले, तर काय कापशील?" काहीच कापता येणार नाही म्हणणारा बाद. काहीही कापतो म्हणणाराही बाद.

यंदा त्या खुर्चीत त्यांची सख्खी भाची येऊन बसली. गोष्ट चष्म्याच्या दुकानात वाढलेल्या मुलीची होती आणि तिचे आजोबा म्हणजे उघडउघड चष्मेवाल्यांचे वडील. ऐकता ऐकता यांनी चष्मा काढून डोळे पुसले. तरी सवयीने तो अर्ध्या पैशांचा प्रश्न विचारलाच.

"विचार करून सांगते," म्हणून भाची गेली. आली ती नवी संहिता घेऊनच.

"झालं, मामा! अर्ध्यात बसवलं. कॅमेरावाल्याच्या तारखाही घेतल्या."

"कसल्या तारखा?"

"शूटिंगच्या. तू अर्धे देतोयस ना?"

"मी? अगं, मी नुसतं विचारलं! सगळ्यांनाच विचारतो."

भाचीचा चेहरा उतरला. "परीक्षा होती होय? मला वाटलं, मामाला पूर्ण देता येत नाहीत, म्हणून आडून सांगतोय."

काचा पुसत बसलेली मामी म्हणाली, "घ्या! आता तुमच्या बहिणीला काय तोंड दाखवणार?"

चष्मेवाल्यांनी पानं उलटली. "यात बाबा कुठायत?"

"कापले."

"माझ्या बापाला कापलंस?"

"जुन्या काळातलं दुकान उभारण्यातच निम्मे पैसे जात होते, मामा."

माझ्या चष्म्याची दांडी बसवून घ्यायला मी गेलो, त्या दिवशी त्यांनी ती दोनदा उलटी बसवली. म्हणाले, "सर, पहिली गोष्ट मला आवडली ती चांगली होती म्हणून, की बाबांची होती म्हणून? आणि ही आवडत नाही ती वाईट आहे म्हणून, की बाबा नाहीत म्हणून? परक्याची असती तर चहा संपायच्या आत सांगितलं असतं."

भाचीलाच दुकानात बोलावून घ्या, मी म्हणालो.

ती आली. कॅमेरावाल्याला "नाही" म्हणून कळवायची तिची तयारी दिसत होती, पण मान ताठ होती.

"बाबांचा एक प्रसंग परत घाल," चष्मेवाले म्हणाले. "त्याचे वेगळे देतो."

"नाही."

"फुकट मिळतायत तरी?"

"कापल्यावर कळलं, मामा. आजोबा आले की सगळे त्यांच्याकडेच बघतात. मुलीची गोष्ट तिथेच थांबते. आता नाही घालणार."

"नाही देत मग!"

"नको देऊस."

ती पर्स उचलून निघाली. दारापर्यंत गेली असेल, तोच चष्मेवाले ओरडले, "अगं थांब, चेक कुणाच्या नावाने लिहू?" तिला खरं वाटेना. मामीलाही वाटेना. चेकवर तारीख चुकली, म्हणून दुसरा लिहावा लागला.

ती गेल्यावर मामीने विचारलं, "अहो, नक्की काय बघून दिलेत?"

चष्मेवाल्यांनी चेकबुक खणात टाकलं. "तेच कळत नाहीये. अशीच मान ताठ करून बोलणाऱ्या दोघांना मी हाकललंय."