अक्काने रोखून धरलं

महिन्यापूर्वी सकाळी चहा घेत होतो, तेव्हा जळगावहून अक्काच्या शेजारणीचा फोन आला. "भाऊ, अक्का गेल्या... आपल्या घरात, झोपेतच." इथे धुळ्यात मी कप खाली ठेवला. रडलो. आणि रडता रडताच मनात आलं, जिंकली माझी बहीण! 'मरेन तर माझ्या घरात' हा तिचा हट्ट होता, आणि साठी उलटली तरी तिच्या नावावर एक वीटही नव्हती.

अक्का नर्स होती. दाजी लवकर गेले, मूलबाळ नाही. भाड्याच्या खोल्या बदलता बदलता नोकरी सरली. प्रत्येक घरमालकाची अट एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे दाजींचा फोटो कायम कपाटावर टेकवलेला, आणि दार जोरात लागलं की दाजी तोंडावर पडायचे. अक्का त्यांना उचलायची, पदराने पुसायची, पुन्हा टेकवायची. हसायचीही... पण ते हसणं मला बघवत नसे.

ती निवृत्त झाली त्या सुमारास सरकारने महागाईशी जोडलेले बचत रोखे काढले. दहा वर्षं हात लावायचा नाही. जितकी महागाई वाढेल तितकं व्याज, वर थोडं आणखी, आणि सगळं शेवटी एकदम. "एफडी चालते, महागाई पळते," म्हणत अक्काने फंडाचे पैसे त्यात घातले. तेव्हापासून अख्ख्या घरात महागाईवर खूश अशी ती एकटीच. भरिताच्या वांग्यांचा, तूरडाळीचा भाव ऐकून आम्ही कपाळाला हात लावायचो, आणि ही टाळी मागायची. "तूरनी दाय वाढनी? वाढू दे! मना रोखाबी वाढना!" मध्यंतरी महागाई जरा निवली, तर हिचाच चेहरा उतरला. नेमके तेव्हाच आमचे थोरले भाऊ, नाना, पाचोऱ्याच्या स्वस्त प्लॉटची बातमी घेऊन आले. "मोडी टाक ते रोखे. थोडा दंड बसी, काय बिघडस?" प्लॉट गावाबाहेर, ना रस्ता ना पाणी, तरी सगळे नानांच्या बाजूने. अक्का शांतपणे म्हणाली, "नाना, नावमाच सांगेल शे ना, रोखे! मग रोखीसन धरानं."

मुदत संपली तेव्हा पैसे आपोआप खात्यात येणार होते, तरी ते डोळ्यांनी बघायला ती मला घेऊन बँकेत गेली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, बऱ्याच जणांनी मधेच मोडले हो हे." "मी नाही मोडले," अक्का सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली. बाहेर पडली ती थेट मारवाडी शेठजींच्या दुकानात, आणि तिथे घेतली एक हातोडी नि पावशेर खिळे. "घर घेतलं का अक्का?" शेठजींनी विचारलं. "घेणार शे!"

आणि घेतलं. त्या पैशांत पेन्शनमधली शिल्लक घालून जळगावातच मेहरूणला दोन खोल्या. वास्तुपूजेच्या आधीच दाजी भिंतीवर गेले. मग आरसा, कॅलेंडर, पिशव्या... हातोडी थांबेना. एक खिळा तर तिने मोकळ्या भिंतीत उगाचच ठोकला. "याच्यावर काय लावणार?" मी विचारलं. "काही नाही. मनी भित शे, भाऊ!"

तेराव्याला पुतण्या हार घातलेला अक्काचा फोटो घेऊन त्याच रिकाम्या खिळ्याकडे निघाला. मी त्याचा हात रोखला आणि फळीवरची हातोडी त्याच्या हातात दिली.

"दाजींच्या शेजारी नवा ठोक. कुणाला विचारायचं नाही."