बिनभाड्याचं घर

रिसोडला आम्ही पाच वर्षं ज्या घरात राहिलो, त्याचं भाडं म्हणून एक रुपया दिला नाही. हे मी कोणालाही मोठ्या तोऱ्यात सांगायची. सात लाख एकरकमी घरमालकाकडे ठेवायचे, महिन्याचं भाडं नाही, घर सोडताना सातच्या सात लाख परत. याला हेवी डिपॉझिट म्हणतात. मालक आपल्या पैशाचं काय करतो ते आपण विचारायचं नाही आणि भिंतीत किती खिळे ठोकले ते त्याने विचारायचं नाही. मला हा सौदा फार हुशारीचा वाटला होता.

ते सात लाख माझे होते. कामरगावजवळ वडिलांचं शेत आहे, त्यात मी वाटा मागितला. आमच्याकडे बहिणी साडीचोळी घेऊन हक्कसोडीच्या कागदावर सही करतात. मी म्हटलं, साडी नको, पैसे द्या. दोघा भावांनी पैसे दिले, सही घेतली आणि भाऊबीजेला यायचं बंद केलं. थोरल्याने फोनवर विचारलं, "वाटा घेतला ना? मंग आता ओवाळणी कायची?" वाटा मागण्यात मी चुकले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या दिवाळीत मी खूप रडले.

हे घरमालकाच्या कानावर होतं. साठीचा माणूस, गावातच दुसऱ्या घरात राहायचा. पुढच्या भाऊबीजेला तो सकाळीच दारात उभा. "मले बहीण नाई, अन् तुहे भाऊ येत नाईत. पाट मांड." मी पाट मांडला, ओवाळलं. त्याने तबकात पाचशेची नोट टाकली आणि तीन करंज्या खाल्ल्या. दिवसभर मी शेजारणींना सांगत फिरले की माझा भाऊ येऊन गेला.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. आमचा करारनामा अकरा महिन्यांचा. मुदत संपली तेव्हा नवा करून आणतो म्हणून तो जुना घेऊन गेला, आणि नवा काही आला नाही. मी शिवणकाम करते. एका ब्लाउजच्या शिलाईची पावती फाडणारी मी, पण सात लाखांच्या कागदाची झेरॉक्ससुद्धा काढून ठेवली नाही. एकदा विषय काढला तर तो म्हणाला, "बहिणीले कायले कागद पायजे? भरोसा नाई का माह्यावर?" वाटा मागून दोन भाऊ गेले होते, तिसरा घालवायचा नव्हता. आमचे हे बाजार समितीत मापाडी आहेत, पोत्याचं वजन दोनदा बघणारे. ते म्हणाले, "तुहा भाऊ होय ना? मंग तूच माग." मी मागितलाच नाही.

पाचव्या वर्षी श्रावणात एका पतसंस्थेची माणसं आली आणि दारावर जप्तीची नोटीस चिकटवून गेली. आम्ही राहायला येण्याच्या आधीपासून ते घर त्या पतसंस्थेकडे गहाण होतं. वाशीमच्या वकिलाने विचारलं, "घरात जाताना सर्च घेतला होता का, ताई? घरावर कर्ज-बोजा आहे का ते पाहिलं होतं?" शेत घ्यायचं तर आम्ही चार वेळा सातबारा काढतो. बिनभाड्याच्या घराचे कागद कोण पाहतं? वकील म्हणाला, घर तर जाईलच, पण पैसे मिळाले असं मालकाने लिहून दिलं नाही तर तुमचे सात लाख होते हेच कोणी मानणार नाही. पैसे रोख दिलेले, करारनामा त्याच्याकडे. वकिलानेच तसा मजकूर तयार करून दिला. मालकाची सही तेवढी राहिली होती.

दोन-अडीच महिने मालकाने फोन उचलला नाही. घरी गेलं की बायको सांगायची, बाहेरगावी गेलेत. भाऊबीजेला मात्र तो आला. मला याचं अजून नवल वाटतं. मालक म्हणून तो खोटा होता, पण भाऊ म्हणून अगदीच खोटा नसावा.

मी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. तबकात निरांजन, अक्षता, सुपारी, आणि बाजूला तो कागद आणि पेन ठेवलं. त्याने कागद पाहिला.

"सणाच्या दिवशी हे काहून काढून राह्यली, ताई?"

"दादा, बाकीच्या दिवशी तुमी सापडत नाई."

तो निरांजनाकडे बघून म्हणाला, "पोराच्या धंद्यात गेले सगळे. तुहे बी गेले." मी हात जोडले नाहीत, रागही काढला नाही. हातातलं तबक खाली केलं नाही, एवढंच. त्याने पेन उचललं, सही केली, तारीख घातली. मग पाचशेची नोट टाकायला खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. मी ओवाळलं. करंजी न खाता तो उठला.

फाल्गुनात घराला सील लागलं. आता आम्ही दोन खोल्यांत राहतो, दर महिन्याला भाडं देतो आणि त्याची पावती घेतो. त्या सहीवर दावा चालू आहे. वकील म्हणतो, कागद पक्का आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

यंदा भाऊबीजेला कोणीच आलं नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. दिवस मावळल्यावर मी तबक घेऊन गच्चीवर गेले. बीजेची कोर फार वेळ थांबत नाही, म्हणून घाईत ओवाळलं. शेजारच्या गच्चीवरच्या नव्या बाईने विचारलं, "तुमाले भाऊ नाई का?"

"हायेत ना," मी म्हटलं, "तीन."