ट्रान्झिस्टरशी ठरलेलं लग्न
नव्या चामड्याचा वास आला की मला मालवणच्या आमच्या ओटीवर जमलेले ते मूर्ख आठवतात. ट्रान्झिस्टर तेव्हा नुकते निघाले होते आणि माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेला मुंबईचा मुलगा एक खांद्याला अडकवूनच आला. चामड्याच्या पिशवीतलं ते यंत्र त्याने सारवलेल्या ओटीवर ठेवलं मात्र, बाबा, काका, शेजारी सगळे सुक्या बांगड्याभोवती मांजरं जमावीत तसे त्याच्याभोवती बसले. "ह्यो नुसतो बॅटरीर चलता?" काका पुन्हा पुन्हा विचारत होते. बहीण चहाचा ट्रे धरून उभी. चहावर साय धरली तरी तिच्याकडे कोणी मान वळवली नाही. आई दाराआडून म्हणाली, "नोकरी खंय करता, ता तरी इचारा!" मुलाने हसून रेडिओचा आवाज वाढवला. "गप रव गो, गाणां लागलां," बाबा खेकसले, आणि गाणं संपायच्या आत लग्न ठरलंसुद्धा. नंतर कळलं की रेडिओ त्याच्या मुंबईतल्या शेजाऱ्याचा होता आणि नोकरी कुठलीच नव्हती. वर्षभरात बहीण माहेरी परत आली. तिच्या रडण्यापेक्षा मला आजही जास्त आठवतो तो तिची ट्रंक उतरवून घेताना बाबांनी टाकलेला सुस्कारा: "पण आवाज काय खणखणीत होतो गो त्या रेडिओचो!"