गजूभाऊंच्या पिशवीतली साखर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढेही नाही. शेगावला कितीदा जाऊन आलो, रांगेत उभा राहिलो, डोकं टेकवलं आणि भलतंच काहीतरी मागून घरी आलो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ फार सराईत आहे, समोरच्याला बरं वाटेल तेच तिच्यावर येतं.

आधी सायकलचं सांगतो. टाळतोय असं वाटेल — टाळतोच आहे.

बुलढाण्यात आम्ही काही मित्र रविवारी पहाटे सायकली काढतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. मूळचा नांदुऱ्याचा, म्हणजे सपाटीवरचा माणूस. पन्नाशी जवळ आल्यावर सायकलचं वेड लागलं, आणि आपल्याला घाट चढता येतो हे कळल्यावर ते डोक्यातच गेलं. आमचा ठरलेला रस्ता बोथ्याच्या जंगलातला. सकाळी वर्दळ नसते. दोन्ही बाजूंना साग आणि सालई, टायरखाली वाळल्या पानांचा आवाज. मध्येच एखादं रोही, म्हणजे नीलगाय, रस्ता ओलांडतं आणि आपल्याकडे असं बघतं, की चूक आपलीच. उतार संपला की एक तलाव लागतो. त्याच्या मागच्या अंगाला नुसती दलदल, पाणकणीस, बेशरमाची झुडपं, काळा गाळ आणि त्यात एका पायावर उभे बगळे. तिथून मागे वळायचं, घाट चढायचा आणि माथ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचा.

या जंगलात अस्वलं आहेत आणि मोबाईलला रेंज नाही. म्हणून आमच्यात एकच नियम होता. दर रविवारी एकानं शेपूट व्हायचं. शेपूट म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा. त्यानं कुणालाही ओलांडायचं नाही. पुढचा थांबला की शेपटानंही थांबायचं, पुढचा झाडामागे गेला तर रस्त्यावर उभं राहायचं. पंप, पंक्चरचं सामान, मलमपट्टी, सगळं शेपटाच्या पिशवीत. पाळ्या लावलेल्या होत्या. माझी पाळी आली की मला शनिवारपासूनच कंटाळा यायचा, कारण शेपूट होणं म्हणजे गजूभाऊंच्या मागे राहणं.

गजूभाऊ अमडापूरचे. बुलढाण्यात बी-बियाण्यांचं दुकान. अंगानं भरलेले, शुगर असलेले, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सायकलवर बसलेले — आणि बसल्यावर मात्र जन्मापासून तिथेच बसल्यासारखे रमलेले. घाई हा शब्द त्यांच्या गावी नव्हता. सायकल चालवताना मान मागे वळवून बोलायचे. तलावावर आले की गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि मग जग बुडालं तरी चालेल. मला त्यांचा राग यायचा का? यायचा. माझ्याशी इतकं चांगलं वागणाऱ्या माणसाचा राग येतो म्हणून आणखी यायचा.

त्या रविवारी पहाटे त्यांच्या फाटकाशी सुमनवहिनी उभ्या होत्या. गजूभाऊंच्या पत्नी. त्यांनी माझ्या हातात प्लॅस्टिकमध्ये बांधलेली, रबर लावलेली साखरेची पुडी ठेवली. गजूभाऊंची साखर अचानक उतरली तर हाताशी असावी म्हणून, ज्याची पाळी असेल त्याच्याकडे त्या दर रविवारी द्यायच्या. "सर, त्यायच्याजवळ देत नाही मी," त्या म्हणाल्या, "पहिल्या वळणावरच फक्की मारतात. अन् बेसुद झाले तं काही पाजू नका, बोटानं हिरडीले चोळा." हे त्या दर वेळी सांगायच्या. आम्ही सगळे हो वहिनी, हो वहिनी करत हसायचो. मी पुडी पिशवीत टाकली.

आता तलावापाशी येतो.

बाकीचे वळून घाटाला लागले होते. गजूभाऊंनी सायकल रस्त्याकडेला आडवी केली, दुर्बीण काढली आणि झुडपांतून वाट काढत पाण्याकडे उतरले. "थांबा हो सर, जांभळी कोंबडी दिसून राह्यली." मी म्हणालो, "हो, बघा." ते बेशरमाच्या आड गेले आणि मी रस्त्यावर एकटा उरलो. धुकं उठलं होतं. पाय मोकळे झाले होते.

आमच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एक ॲप आहे. घाट कुणी किती वेळात चढला ते त्यात दिसतं. कित्येक महिने माझं नाव वर होतं. मग आमच्यातल्या एका तरुण इंजिनिअरनं मला खाली ढकललं, आणि वर "सर, वयाच्या मानानं तुम्ही भारीच आहात" म्हणाला. वयाच्या मानानं! ते मला फार लागलं होतं. त्या दिवशी घाट समोर मोकळा पडला होता आणि मी एका पाणकोंबडीसाठी ताटकळत उभा होतो.

मी निघालो. हाक मारली नाही. सांगून गेलो असतो तर ते "हाव, व्हा पुढं" म्हणालेही असते, पण दुर्बीण ठेवून मागोमाग आलेही असते. मग पुन्हा मान वळवून गप्पा, पुन्हा तोच वेग. म्हणून मी गुपचूप गेलो. पुडी माझ्या पिशवीत होती. मला ते आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. पहिल्या वळणावरच आठवलं. मी गिअर बदलला.

घाट मी छान चढलो. त्या इंजिनिअरची वेळ मागे टाकली. आजवर त्याहून चांगला चढलेलो नाही — हे सांगताना आताही आत कुठेतरी बरं वाटतं, यावरून मी काय माणूस आहे ते ओळखा.

टपरीवर मला एकट्याला बघून इंजिनिअरनं विचारलं, "शेपूट तुम्ही ना आज? गजूभाऊ कुठी राह्यले?"

"येऊन राह्यले. पक्षी पाहत बसले. मलेच म्हणे, सर तुम्ही व्हा पुढं."

"साखर दिली ना त्यायले?"

"दिली ना."

दोन उत्तरं. तोंडातून इतकी सहज निघाली की मलाही खरी वाटली. सगळ्यांनी निवांत चहा घेतला. दुसरा घेतला. कुणाला काळजी वाटेल असं मी काही ठेवलंच नव्हतं. मी खरं बोललो असतो तर त्याच क्षणी सगळे उतरले असते, एवढी आमची मंडळी चांगली होती.

ऊन वर आलं तसा मीच अस्वस्थ झालो आणि "बघून येतो" म्हणून निघालो. बाकीचेही मागून निघाले, पण उतारावर मी सगळ्यांच्या पुढे होतो. तलावाशी एक म्हशी चारणारा म्हातारा रस्त्यावर येऊन हात करत होता. गजूभाऊ पाण्याच्या काठावर पडलेले होते. अर्धं अंग गाळात होतं. त्यानं ओढून डोकं तेवढं कोरड्यावर आणलं होतं. श्वास चालू होता, घामानं शर्ट चिंब होता. म्हातारा धापा टाकत म्हणाला, "हे बाबा लय वेळ सर, सर करून राह्यले होते. मले वाटलं, कोनी संगं असन." आणि तो गाडी थांबवायला परत रस्त्यावर पळाला.

त्या जागी मी आणि ते, दोघंच.

आता सांगतो. इथवर जे सांगितलं ते कुणाकडूनही होऊ शकतं असं म्हणून तुम्ही मला सोडून द्याल. पुढचं तसं नाही. मी पिशवी उघडली, साखरेची पुडी हातात घेतली. बोटानं हिरडीला चोळायची हे मला पाठ होतं. आणि मला वर घाटातून येणाऱ्या सायकलींचे ब्रेक ऐकू आले. साखर दिली ना — दिली ना. मी ते रबर काढलं नाही. म्हातारा पाठमोरा गाडीची वाट बघत होता; मी पळत त्यांच्या सायकलपाशी गेलो, हँडलच्या पिशवीची चेन उघडली, पुडी आत खाली सारली आणि चेन लावली. मग परत येऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या रुमालानं तोंड पुसू लागलो. मंडळी पोचली तेव्हा मी तेच करत होतो. मी रडत होतो. ते रडणंही खरंच होतं.

म्हाताऱ्यानं थांबवलेल्या जीपमधून दवाखान्यात नेलं; उचलून आत घालायच्या घाईत साखरेचं कुणाला सुचलं नाही, आणि मी आठवण दिली नाही. गजूभाऊ पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. आठवडाभरात गेले. डॉक्टर म्हणाले, साखर फार वेळ खाली राहिली. थोडी आधी मिळाली असती तर, असंही म्हणाले. ते तिथे माझ्याकडे बघून बोलत नव्हते. मी भिंतीकडे बघत होतो.

मला वाटलं होतं, माझं खोटं माझ्यापुरतं राहील. कुणाचं काय बिघडणार होतं त्यानं? गेलेला माणूस तर गेला.

पण सायकल घरी गेली, आणि पिशवीत वहिनींना ती पुडी सापडली. त्यांनी स्वतः लावलेलं रबर तसंच. भेटायला गेलो तेव्हा त्या माझ्यापुढे बसून म्हणाल्या, "जवळ होती साखर, सर. जवळ होती! तुम्हाले पुढं काऊन धाडलं त्यायनं? अन् चिमूटभर तोंडात टाकाले काय झालं होतं? आमच्यासाठी नव्हती टाकता येत?" मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "वहिनी, त्यांचा स्वभावच तसा." हे मी म्हणालो. ज्या माणसानं मला हाका मारल्या, त्याच्यावर त्याच्याच घरात बसून ठपका ठेवला. त्या हाकांबद्दल एक अक्षर बोललो नाही. त्या म्हाताऱ्यालाही नंतर कुणी काही विचारलं नाही.

वहिनी त्यांच्यावर रागावल्या त्या रागावल्याच. सुरुवातीला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. ओसरलं नाही. त्यांनी गजूभाऊंचा फोटो समोरच्या खोलीतून काढून मुलाच्या खोलीत लावला. मुलगा आईला समजावतो, तर म्हणतात, "त्यायले पाखरं प्यारी होती, आपुन नव्हतो." संसारभर ज्या माणसावर जीव टाकला, तो आपल्याला जाणूनबुजून सोडून गेला, असं धरून त्या जगतायत. हे त्यांच्या मनातून एका वाक्यात काढता येईल असा जगात एकच माणूस आहे. तो मी आहे, आणि मी ते वाक्य बोललेलो नाही. मला नोकरी जाण्याची भीती नाही, पोलिसांची नाही. मला फक्त त्यांच्या नजरेतून उतरायची भीती वाटते. बस, एवढीच.

वर्षश्राद्धाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. शेवटी त्यांच्यासोबत मीच होतो, असं सगळे म्हणतात. वहिनी नमस्काराला पुढे आल्या नाहीत, मुलानंच सगळं केलं. पंगत बसली तेव्हा मात्र त्या उठल्या आणि पहिलं पान माझं वाढलं. वडे, कढी, खीर. "सर, घ्या हो अजून," म्हणाल्या, "तुम्ही तरी होते त्यायच्याजवळ." वाटीत पुन्हा खीर वाढली.

मी जेवलो.