हौसाआक्काच्या घरात कोण जेवत होते?

प्रथम क्षमा मागतो. मासिकात लिहिणारी माणसे वेगळी असतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, आणि माझे स्वतःचे लिहिणे परीक्षेच्या पेपरापलीकडे कधी गेलेले नाही. तरी लिहायला बसलो आहे, कारण जिला हे सांगायला हवे होते ती बाई आता नाही... आणि मनात ठेवून अभ्यास होत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असे म्हणवत नाही. माझे गाव कुरुंदवाडच्या बाजूला. नदीकाठचा मुलूख, त्यामुळे लहानपणी असल्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या. अमक्या डोहावर कोणी हाक मारते, तमक्या बांधावर कोणी बसलेले दिसते... मी हसत असे. कॉलेजात तर्कशास्त्र घेतल्यावर तर वडिलांनाही पुरावा विचारू लागलो. ते म्हणायचे, "पुरावा मागायला तू काय फौजदार हायस?"

मी कोल्हापुरात एका बोर्डिंगात राहून शिकतो. आम्हा गरीब मुलांचे जेवण ज्या अनेक मार्गांनी चालते त्यातला एक म्हणजे मूठफंड. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेठेतल्या घराघरात बोर्डिंगचे एक गाडगे ठेवलेले असते. घरातली बाई रोज चूल पेटवण्याआधी मूठभर जोंधळे किंवा तांदूळ त्यात टाकते. रविवारी आम्ही मुले पोती घेऊन निघतो आणि गाडगी रिकामी करून आणतो. माझ्याकडे शिवाजी पेठेतला एक बोळ होता. पहिल्या रविवारी मला इतकी लाज वाटली की "मूठ हो माय!" ही हाक घशातच राहिली. तेवढ्यात एका ओसरीवरून आवाज आला, "अगं बायांनो, मुकं पोतं आलंय बघा ह्या खेपंला!"

ती शेवंतामावशी. सगळ्या बोळाची खबर तिच्याकडे, आणि आवाज तालमीपर्यंत जाणारा. तिच्या शेजारची खोली हौसाआक्काची.

हौसाआक्का विधवा. लोकांच्या चटणीच्या मिरच्या कांडून पोट भरायची. तिच्या घराचा पत्ता विचारावा लागत नसे. दोन दारे अलीकडेच कांडपाचा आवाज ऐकू येई, आणि एक दार अलीकडे शिंका सुरू होत. उंबऱ्यावर मी शिंकलो की ती आतूनच म्हणायची, "आलं माझं कालेज!" हातांची आग कायम. बोलताना ती तळवे गार भिंतीला लावून उभी राही. तिचे गाडगे मात्र बोळातले सर्वांत भरलेले. मी चार बऱ्या घरांची गाडगी पाहिली होती, म्हणून मला ते समजत नव्हते. शेवटी शेवंतामावशीने सांगितले.

आक्काला एकच मुलगा होता, सदा. रेशनचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. धान्य पुरत नव्हते. वाढत्या वयाचा मुलगा, त्याने आणखी एक भाकरी मागितली. दिवसभर कांडून आलेली आक्का तोंडाला येईल ते बोलली... एवढी भूक असेल तर दुसऱ्याच्या दारात जाऊन खा. तो उठला, हात धुतला आणि गेला. तालमीत गेला असेल म्हणून तिने वाट पाहिली. तो आलाच नाही.

"तवापास्नं ही मूठ," शेवंतामावशी म्हणाली. "हितं दुसऱ्याच्या पोराला घातलं की तिकडं कुणीतरी हिच्या पोराला घालतंय, असा हिसाब हाय तिचा. सोता मातर एक येळ जेवती. सांगाय गेलं तर मुसळ उगारती!"

आक्का मला दर रविवारी एकच प्रश्न विचारायची. मी गावाकडून आलो असेन, सांगलीला जाऊन आलो असेन, कुठूनही. "तिकडं अन्नछत्र हाय का रं? परमुलखाच्या माणसाला जेवाय घालत्यात का?" मी म्हणायचो, "घालतात की, आक्का." खरे म्हणजे मला माहीत नसायचे.

पेठेतल्या काही मंडळींनी त्या सुमारास तालमीत धान्य वाटायला सुरुवात केली होती. ज्या घरात मिळवते कोणी नाही त्यांना महिन्याला थोडे जोंधळे. त्यांनी आक्काचे नाव आपणहून घातले. आक्का गेली नाही. घरी आणून दिले तर परत पाठवले. ही गोष्ट आमच्या सुपरिंटेंडेंट सरांच्या कानावर गेली. सर भला माणूस. त्यांनी मला बोलावून म्हटले, "ज्या बाईला पेठ मदत करायला निघाली आहे, तिच्या घरची मूठ आपण घेणे बरे नाही. तू तिचे घर सोड. मात्र नुसता चुकवून जाऊ नकोस. समजावून सांग. तिला अपमान वाटता कामा नये."

मला रात्रभर वाक्ये सुचेनात. सरांचे म्हणणे बरोबर होते. पण तिची मूठ थांबली म्हणजे तिच्या हिशेबात सदाचे जेवण थांबले. ते मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

त्या रविवारी मी मुद्दाम तिचे घर शेवटी ठेवले. दिवस उन्हाळ्याचे, वेळ भर दुपारची. कांडप बंद होते. दार उघडे होते. उंबऱ्याशी गेलो आणि सवयीने शिंकलो, कारण उखळात मिरची तशीच होती. डोळ्यांना पाणी आले, ते पुसून आत पाहिले.

चुलीपाशी एक जण जेवत बसला होता.

त्याची माझ्याकडे पाठ होती. अंगात मळकी बंडी, मान बारीक, केस वाढलेले. पुढे ताट होते. तो भाकरी मधूनच मोडून खात होता, आणि तिची कड तशीच गोल ठेवत होता... लहान मुले आवडीचे शेवटी ठेवतात तशी. मी शिंकल्यावरही त्याने वळून पाहिले नाही. त्या मिरचीच्या खकाण्यात मला श्वास घेववत नव्हता. त्याला ना खोकला, ना ठसका. अगदी निवांत जेवत होता.

भीती? मुळीच वाटली नाही. उलट इतका आनंद झाला की काय सांगू! मला वाटले, आला! सदा आला! आता मूठ बंद करण्याचे ते बोलणे मला बोलावे लागणार नाही. जेवत्या माणसाला हटकू नये म्हणून मी तसाच मागे फिरलो. बोळाच्या तोंडाशी नळ आहे, तिथे आक्का घागर लावून उभी होती. शेवंतामावशीही होती.

मी लांबूनच ओरडलो, "आक्का, तुमी हितं काय करताय? घरात सदाभाऊ जेवाय बसलाय की!"

तिची घागर नळाखालीच राहिली. एवढी थकलेली बाई, पण मला मागे टाकून पळाली. शेवंतामावशी आणि मी पोचलो तेव्हा ती खोलीच्या मधोमध उभी होती. चुलीपाशी कोणी नव्हते. ताट फळीवर पालथे होते, कोरडे. टोपलीखाली तिने सकाळी थापलेली भाकरी होती, ती अख्खी. मागच्या बाजूला खोलीला दार नाही, खिडकी आहे ती हातभर.

शेवंतामावशी माझ्यावर तुटून पडली. "मुडद्या, चेष्टा करायला आयुष्यभराची जखमच गावली व्हय तुला? शिकून श्याना झालास काय?"

मी रडकुंडीला आलो. शपथ घेतली. जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले... बंडी, मान, भाकरीची कड. कडेचे सांगताच आक्का मटकन खाली बसली.

"थांब गं शेवंता," ती म्हणाली. "कड त्यो शेवटाला खायाचा. ल्हानपणापास्नं. म्हणायचा, कुरकुरीत हाय, पुरवून खातो." मग माझ्याकडे पाहून अगदी हळू आवाजात विचारले, "घाईनं जेवत हुता, का सावकास?"

"सावकाश, आक्का."

"बकाबका न्हाय ना?"

"नाही. निवांत जेवत होता."

"आन् कोरड्यास काय हुतं ताटात?"

"दिसलं नाही."

"पानी घेतलंतं का बसताना?"

मी आठवून पाहिले. तांब्या मला दिसला नव्हता. तसे सांगितल्यावर तिचा चेहरा एवढा उतरला की मला वाटले, खोटे बोललो असतो तर बरे. "वंगाळ बोलली मी, उपाशी धाडला, आन् आता पान्याबिगर..." असे काहीतरी ती पुटपुटली. शेवंतामावशीने तोंडाला पदर लावला. ती गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली.

सरांचा निरोप मी दिला नाही. गाडगे आक्काने स्वतः आणून माझ्या पोत्यात रिकामे केले. बोर्डिंगात आल्यावर सरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "उन्हातून एकदम अंधारात पाहिलेस. पोटात काही नव्हते." शेवटी म्हणाले, "मूठ आणत जा तिची."

त्या दिवसापासून आक्का चुलीपाशी पाण्याने भरलेला तांब्या ठेवू लागली. आणि एक फरक मी पाहिला. अन्नछत्राबद्दल तिने मला पुन्हा कधी विचारले नाही. दुसरी वेळही थोडे जेवते, असे शेवंतामावशी सांगे.

मी माझ्या परीने कारणे शोधली. उन्हाने डोळे दिपले असतील, मान्य. पण दिपलेल्या डोळ्यांना भाकरीची कड कशी दिसावी? ती सवय आधी कोणाच्या तोंडून ऐकली असेल म्हणावे, तर शेवंतामावशीलाच ती माहीत नव्हती. कोणी भुकेला वाटसरू घरात शिरला असेल म्हणावे, तर भाकरी अख्खी होती, आणि बोळातून बाहेर पडायला नळावरूनच जावे लागते. प्रोफेसरांना विचारायचे धाडस झाले नाही. वडिलांना सांगितले. मला वाटले होते, आता ते माझी थट्टा करतील. ते एवढेच म्हणाले, "जेवत हुता न्हवं? मग झालं."

पुढच्या पावसाळ्यात आक्का तापाने गेली. रविवारी मी पोते घेऊन गेलो तर कांडपाचा आवाज नाही, शिंक नाही. सुतकाच्या घरचे धान्य घेत नाहीत, म्हणून मी परत फिरत होतो. शेवंतामावशी तिचे गाडगे घेऊन आडवी आली. "सुतक तिच्या मागचं हाय. ह्या मुठी तिनं जित्यापनी टाकल्यात. घे मुकाट्यानं." मी घेतल्या. आम्ही त्या खाल्ल्या.

एवढेच असते तर मी लिहिले नसते. दृष्टीचा दोष म्हणून विसरायचा प्रयत्न केला असता. पण यंदा दिवाळीनंतर शेवंतामावशीने मला बोळात हाक मारून थांबवले. तिच्या ओसरीवर एक पाहुणा बसला होता. हुपरीचा चांदीकाम करणारा, पैंजण विकायला कर्नाटकात फिरणारा. बोलायला अवघडत होता.

"सांग बाबा ह्याला," शेवंतामावशी म्हणाली. "त्या घरचं मीठ खाल्लंय ह्यानं."

तो म्हणाला, "पावणं, मी आधी बी आलतो एकदा. बोळाच्या तोंडापत्तुर. आत कांडप चाललंतं. त्यो आवाज आयकला आन् पाय उचलंना माझा. तसाच माघारी गेलो. आता आवाज न्हाय म्हणून आत आलो, तर ह्या म्हणत्यात, आक्काच न्हाईत."

सदा त्याला हुबळीच्या एका धर्मशाळेत भेटला होता. रेशनचेच दिवस होते ते. सदा घरातून निघाल्याला महिनासुद्धा झाला नव्हता. कामाला म्हणून तिकडे गेला आणि तापाने पडला. धर्मशाळेला लागूनच अन्नछत्र होते, मोठे, येईल त्याला वाढणारे. तिथली माणसे भली होती. दुपारी ताट त्याच्या उशाशी आणून ठेवत, घास भरवायला बसत. हा हुपरीकर स्वतः बसला होता. त्याने सदाला विनवले, रागावला, पाया पडला. तो तोंड फिरवायचा. शेवटपर्यंत त्याने त्या ताटातले काही खाल्ले नाही, आणि तिथेच गेला. मी बोर्डिंगात यायच्या कितीतरी आधी.

मी विचारले, "का खात नव्हता? काही बोलला का?"

हुपरीकर म्हणाला, "भांडण न्हाय, तक्रार न्हाय. ताट आलं की हातानं बाजूला सारायचा. हसून म्हणायचा... ऱ्हाऊ द्या, मी घरला जाऊन जेवतो."