बिनइस्त्रीचा शर्ट

माझ्या धाकट्या जावेचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. हे मी लपवत नाही. लपवायला गेले तरी लपत नाही, चेहऱ्यावर दिसतं म्हणे. आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि एकाच हॉटेलात काम करतो. मी तळघरातल्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी. ती लाँड्रीच्या काउंटरवर. पाहुण्यांचे कपडे आणायचे, तयार झाले की खोलीवर नेऊन द्यायचे आणि दारात उभं राहून इंग्रजीत एक वाक्य म्हणायचं, एवढंच तिचं काम. तिला ही नोकरी मीच लावून दिली. सासूबाई म्हणाल्या, तिच्यासाठी कुठे काही बघ. मी बघितलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

तशी धाकटी दिसायला काही खास नाही. अंगाने काडी, चालताना चपला घासत चालते, आणि भाजी चिरायला घेतली तर जेवायची वेळ टळून जाते. शिकलीय माझ्याइतकीच. पण कानावर पडलेलं वाक्य ती जपून घरी आणते आणि भांडी घासताना नळाशी इंग्रजी बोलत बसते. मी म्हणायचे, नळ काय उत्तर देतो गं? ती हसायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

त्या वर्षी आमची लाँड्रीची मुख्य बाई निवृत्त होणार होती. तिची खुर्ची मला हवी होती. सगळ्यांत जुनी मी, रेशमी शर्टाला हात लावायचा तर तो माझाच, मग खुर्ची दुसऱ्या कुणाची असणार? पण मॅनेजरसाहेब म्हणाले, मुख्य बाईला पाहुण्यांशी बोलावं लागतं. हे म्हणताना ते धाकटीकडे बघत होते. तेव्हापासून मी दातओठ खातच इस्त्री फिरवत होते.

एकदा लिफ्ट बंद पडली म्हणून शर्टांचे हँगर घेऊन मीही तिच्याबरोबर जिना चढले. तिने दार वाजवलं, आतून एक गृहस्थ आले, आणि ही गोड आवाजात म्हणाली, ‘‘सर, युअर शर्ट हॅज बिन आयर्न्ड.’’

मी थिजलेच. आयर्न म्हणजे इस्त्री हे मला ठाऊक होतं. आणि ‘बिन’ मला कुणी शिकवायला नको. बिनसाखरेचा, बिनपगारी, बिनडोक. म्हणजे मी खाली घाम गाळून एकेक कॉलर उभी करायची, आणि ही बया वर येऊन सांगणार की शर्ट बिनइस्त्रीचा आहे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि तिची तक्रार केली.

साहेबांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉटेलात ही गोष्ट पसरली होती. लिफ्टवाला विचारायला लागला, काय ताई, आज बिनइस्त्रीचे किती काढले? धाकटी तेवढी हसली नाही. ते मला जास्त झोंबलं.

साहेबांनी मग आम्हा सगळ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग लावला. मास्तरीणबाई दुपारी यायच्या. त्यांनी फळ्यावर लिहून सांगितलं की ते ‘बीन’ आहे, त्याचा आपल्या बिनशी काही संबंध नाही. आधी हॅज, मग बीन, मग क्रियापदाचं तिसरं रूप, आणि अर्थ काय, तर काम झालेलं आहे. रूम हॅज बीन क्लीन्ड, खोली साफ झालीय. टॅक्सी हॅज बीन कॉल्ड, टॅक्सी बोलावलीय. सगळ्यांनी एकेक वाक्य करायचं होतं. खोल्या झाडणारी म्हणाली, ‘आय हॅव बीन क्लीन्ड.’ मास्तरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला कुणी धुतलं? मी बीन गाळून ‘शर्ट हॅज आयर्न्ड’ म्हटलं, तर म्हणे, शर्टाने कुणाला इस्त्री केली?

मी विचारलं, ‘‘ते असू दे. पण शर्टाला इस्त्री कुणी केली, ते या वाक्यात कुठे आलं?’’

‘‘सांगायचं असेल तर शेवटी ‘बाय’ लावून सांगता येतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘पण रोजच्या बोलण्यात सहसा गाळतात. काम झालं, एवढंच समोरच्याला हवं असतं. कुणी केलं याची कुणाला पडलेली नसते.’’

मला पडलेली होती. धाकटी शेजारून म्हणाली, आपणही नाही का म्हणत ताई, कपडे धुऊन झालेत म्हणून? म्हणतो. पण आमच्या घरी ते कुणी धुतले हे माझ्या तोंडाकडे बघून कळतं. मी ‘बाय मी’ तेवढं पाठ केलं. इंग्रजीतला मी आणि आपला मी एकच निघाला, म्हणून ते सोपं गेलं.

मग मी धाकटीच्या मागेच लागले की दारात उभी राहून माझं नाव घे. तिने एकदा घेतलंही. शर्ट हॅज बीन आयर्न्ड बाय माय सिस्टर-इन-लॉ, असं म्हणाली, तर पाहुणे दाराबाहेर डोकावून मला शोधायला लागले. साहेबांनी तिला ताकीद दिली. तिने माझं नाव सोडलं आणि मी तिच्याशी बोलणं.

खुर्चीचा निकाल लागायला थोडेच दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. एक पाहुणे साहेबांना घेऊन स्वतःच खाली आले. संध्याकाळी त्यांचं भाषण होतं आणि त्यांचा रेशमी शर्ट माझ्या टेबलावर होता. धाकटी काउंटरवरून त्यांच्याशी काहीतरी बोलली आणि ते हसले. ही असं काय बोलते की माणसं हसतात? मी कान लावून ऐकत राहिले. हात थांबला होता हे मला जळका वास आल्यावर कळलं. छातीवर तपकिरी डाग. आम्ही तिघी इस्त्रीवाल्या शर्टाभोवती गोळा झालो आणि साहेब तावातावाने आत आले.

धाकटी मध्ये आली. ‘‘सॉरी सर. द शर्ट हॅज बीन बर्न्ट.’’

‘‘बाय हूम?’’ साहेब कडाडले.

तिने पापणीही लववली नाही. ‘‘बाय द आयर्न, सर.’’

पाहुणे खो खो हसले. राहू द्या म्हणाले, मी दुसरा शर्ट घालतो. साहेबही निवळले आणि धाकटीकडे कौतुकाने बघायला लागले. प्रकरण तिथेच मिटलं होतं. मी तोंड शिवून उभी राहिले असते तर माझ्या केसालाही धक्का लागला नसता. पण तेवढ्यात धाकटीने हळूच माझ्याकडे बघितलं, काळजी करू नका अशा नजरेने. इंग्रजी तिचं, हुशारी तिची, आणि आता वर चांगुलपणाही तिचाच? ते मला बघवेना.

‘‘बाय मी,’’ मी मोठ्याने म्हणाले.

खुर्ची धाकटीला मिळाली. साहेब म्हणाले, खरं बोललात हे चांगलं केलंत, पण रेशीम जाळणाऱ्या बाईला लाँड्रीची मुख्य कसं करू? त्या दिवशी घरी जाताना धाकटी चपला आपटत माझ्यापुढे चालत होती. कोपऱ्यावर वळून थांबली.

‘‘मी तुम्हाला वाचवत होते, ताई.’’

‘‘माहीत होतं. म्हणूनच बोलले. तू वाचवलेलं मला नको होतं.’’

वाटलं, आता भांडेल. पण ती रस्त्याकडे बघत म्हणाली, ‘‘पाहुणे कॉलरवरून बोट फिरवतात, वा म्हणतात आणि माझ्याकडे बघतात. रोज वाटतं, आपणही एकदा म्हणावं, बाय मी. पण माझ्या हातून झालेलं काय असतं? दुसऱ्याने केलेलं मी नुसतं झालं म्हणून सांगते. जळते मी तुमच्यावर. पहिल्या दिवसापासून.’’

मला शब्दन्‌शब्द ऐकू आला होता. तरी मी म्हटलं, काय म्हणालीस, गाड्यांच्या आवाजात नीट कळलं नाही. तिने पुन्हा म्हटलं.